भय आणि सोबत

(ज्युबिलीनिमित्त सदाशिव पेठेतील कुटुंबांच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या वर्षी हिशेब मांडण्याची आपली जुनी वहिवाट आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, देवळाचे छप्पर कोणत्या साली बदलले, घंटा कोणी अर्पण केली, हे सारे स्मरणिकेत यथास्थित येईलच. परंतु धर्मग्रामाच्या जीवनात एक गोष्ट अशी असते की, ती कोणत्याही नोंदवहीत चढत नाही, आणि तरीही ती प्रत्येक घरात बिऱ्हाड करून असते. ती म्हणजे माणसाचे भय. आज त्याविषयी चार शब्द बोलावे असे आम्ही योजिले आहे.

धर्मगुरूच्या कानावर लोकांची भये नित्य पडत असतात. प्रायश्चित्त संस्कारातील गोष्ट येथे काढावयाची नाही. तिचे कुलूप आमच्या मरणानेही उघडावयाचे नाही. परंतु मिस्सा संपल्यावर देवळाच्या पायरीवर, इस्पितळातील खाटेजवळ, कोणाच्या मयताहून परतताना वाटेत, माणसे जे बोलून जातात त्यावरून आम्हांस एक गोष्ट कळून आली आहे. माणूस आरंभी जे भय सांगतो ते त्याचे खरे भय नव्हे. कोणी म्हणतो, साखर वाढली आहे. कोणी म्हणतो, मुलाच्या नोकरीचे काही खरे दिसत नाही. थोडा वेळ गप्प बसून ऐकले म्हणजे आतले भय बाहेर येते. म्हातारा म्हणतो, 'अंथरुणास खिळलो तर पोरांना ओझे होईन.' तरुण आई म्हणते, 'मला काही झाले तर या लेकरांना कोण पाहील?' परीक्षेत नापास झालेला मुलगा म्हणतो, 'घरी तोंड कसे दाखवू?' नुकताच निवृत्त झालेला शिक्षक म्हणतो, 'हल्ली नावे आठवत नाहीत. एके दिवशी बायकोचाही चेहरा ओळखेनासा झालो तर?' ही भये वरून निरनिराळी दिसतात. परंतु खोल पाहिले तर त्या साऱ्यांचा प्रश्न एकच आहे: 'त्या वेळी मी एकटा तर पडणार नाही ना?'

ज्या पेठेत आपण बसलो आहोत तिच्या नावातच हा प्रश्न आहे. ही पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणात भाऊ पडले. परंतु त्यांची पत्नी पार्वतीबाई यांनी ते गेले असे कधीही मानले नाही. त्या स्वतः पानिपतापर्यंत पतीबरोबर गेल्या होत्या आणि तेथून कशाबशा परतल्या. पुढे भाऊंचे सोंग घेऊन एक तोतयाही उभा राहिला. १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई १७८३ पर्यंत जगल्या, आणि अखेरपर्यंत त्यांनी वैधव्याची चिन्हे अंगावर घेतली नाहीत. इतिहासकारांनी या बाईंविषयी काय म्हणावयाचे ते म्हणोत. आम्हांस मात्र त्यांच्यात आपल्यापैकी कित्येकजण दिसतात. जी गोष्ट उच्चारली तर खरी ठरेल असे वाटते, ती आपण उच्चारीतच नाही. डॉक्टरांच्या तपासणीचा कागद पाकिटातून बाहेर काढीत नाही. नवऱ्याच्या छातीत कळ येते हे ठाऊक असून त्याविषयी विचारीत नाही. न बोलल्याने आपण संकट दूर ठेविले असे वाटते. वस्तुतः आपण स्वतःस त्याच्यासह एका खोलीत कोंडून घेतलेले असते.

याचे मोठे आणि दारुण उदाहरण पुण्याने १८९७ साली पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईत प्लेग आला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांसंबंधी कायदा केला. मार्चपासून रँडसाहेबांच्या प्लेग कमिटीच्या हुकुमाने गोरे शिपाई पेठापेठांतील घरांत शिरून रुग्ण हुडकू लागले. रुग्ण सापडला की त्याला रुग्णालयात आणि घरच्या माणसांना छावणीत नेत असत. देवघर, माजघर, बायामाणसांची मर्यादा, कशाचाही मुलाहिजा राहिला नाही, अशी लोकांची तक्रार होती. मग लोक काय करू लागले? ते आपला रुग्ण लपवू लागले. तापाने फणफणलेले माणूस घरात आहे हे शेजाऱ्यासही कळू द्यावयाचे नाही, असे झाले. ते लोक अडाणी होते म्हणून असे वागले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना प्लेगचे भय होतेच. परंतु त्याहून मोठे भय हे होते की, आपले माणूस परक्यांच्या हाती जाईल आणि शेवटचे पाणी आपल्या हातून त्याच्या मुखी पडणार नाही. हे भय साचत गेले, त्याचा संताप झाला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडसाहेबांवर गोळी झाडली.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे येरसाँ यांना सापडला होता. परंतु तो उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसात येतो, हे सिमाँ यांनी दाखविले ते १८९८ साली. म्हणजे १८९७ च्या त्या महिन्यांत शिपाई माणसे हुडकीत होते, लोक माणसे लपवीत होते, आणि उंदीर कोठीच्या खोलीतून निर्वेधपणे हिंडत होते. भयाची ही एक खोड आहे. ते भलत्याच दारावर पहारा ठेविते, आणि खऱ्या दाराकडे पाहण्याची आपली शक्ती हिरावून घेते.

त्याच वर्षी वेगळ्या रीतीने वागणारी माणसेही होती. मुंबईत डॉक्टर हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुण्यात हिंदू रुग्णांसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय निघाले, आणि त्यासाठी टिळकांनी खटपट केली. रुग्ण आपल्या माणसांच्या हाती राहील, एवढाच भरवसा लोकांस हवा होता. आणि सावित्रीबाई फुले! ज्यांनी १८४८ साली बुधवार पेठेत मुलींची शाळा चालविली, त्या बाई वयाच्या सहासष्टाव्या वर्षी एका अस्पृश्य मानलेल्या वस्तीतील प्लेगने आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉक्टर यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या. त्यांस स्वतःस प्लेग झाला, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या निवर्तल्या. त्यांना भय वाटलेच नसेल असे समजण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही. परंतु ज्याला लोक लपवीत होते किंवा टाळीत होते, त्याला त्यांनी पाठीवर घेतले.

बंधुभगिनींनो, दुसऱ्याच्या धैर्याच्या गोष्टी सांगणे सोपे असते. म्हणून आता आम्ही आमची एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास आम्हांस सुख होत नाही.

९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले, आणि त्याच महिन्यात तोच १८९७ चा कायदा महाराष्ट्रात पुन्हा अमलात आला. ते दिवस तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, एके रात्री साडेनऊच्या सुमारास याच पेठेतील एका वृद्ध मातेचा आम्हांस फोन आला. यजमानांना श्वास घेणे जड जात होते. ती एवढेच म्हणाली, "फादर, तेल घेऊन येता का?" आम्ही म्हणालो, "बाई, संचारबंदी आहे. सकाळी परवानगी काढतो आणि येतो." परवानगी मिळाली असती की नाही, हा प्रश्न नव्हे, आम्ही ती मागितलीच नाही. फोन खाली ठेवल्यावर आम्ही रुग्णाभ्यंगाच्या तेलाची कुपी हातात घेतली आणि पुन्हा कपाटात ठेविली. पहाटे त्यांना इस्पितळात नेले. तेथे आत जाता येत नव्हते. चार दिवसांनी ते वारले, आणि मोजक्या माणसांत आम्ही त्यांना मूठमाती दिली.

पुष्कळ दिवस आम्ही मनाशी नियमांचा हवाला देत राहिलो. खरी गोष्ट ही होती की, आम्ही भ्यालो. इतरांच्या मरणशय्येजवळ आम्ही आयुष्यभर उभे राहिलो होतो. त्या रात्री प्रथमच आमच्या डोळ्यांपुढे आमचीच खाट उभी राहिली. मार्च २०२० मध्येच रोमहून आज्ञापत्र निघाले होते: या साथीत ज्यांना संस्कार मिळणे अशक्य होईल, पण ज्यांनी आयुष्यात प्रार्थनेची सवय ठेविली असेल, त्यांना मरणसमयी ख्रिस्तसभा पूर्ण दंडमाफी देते. त्या भल्या गृहस्थाविषयी त्याने आमचे समाधान झाले. आमच्याविषयी झाले नाही.

निर्बंध सैल झाल्यावर आम्ही त्या मातेच्या घरी गेलो आणि जे तुम्हांस आता सांगितले ते तिला सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, तुमच्या आवाजावरूनच मी ते ओळखलं होतं. मी तरी कुठली धीराची? त्यांच्या खोलीत जायला माझेही पाय मागे येत होते. मग मी उंबऱ्यावर बसले आणि माळ धरली. मी म्हणत होते आणि ते आतून आमेन म्हणत होते. गाडी येईपर्यंत." एवढे बोलून तिने डोळे पुसले, आणि म्हणाली, "सांगितलंत, बरं केलंत. आता बसा, चहा टाकते."

आम्ही सेमिनरीत पुष्कळ ग्रंथ वाचले. परंतु भयाविषयी आम्हांस जे कळले ते त्या उंबऱ्यावर कळले. ती बाई निर्भय नव्हती. खोलीत जाण्याइतके बळ तिच्यात नव्हते, म्हणून ती उठून लांबही गेली नाही. जेथपर्यंत पाय गेले तेथे बसली, आणि आवाज आत जाऊ दिला.

आता आपल्या प्रभूकडे पाहू. गेथशेमानीच्या बागेत त्याने काय केले? शुभवर्तमानकार काही झाकून ठेवीत नाहीत. येशू भयाने व्याकूळ झाला. त्याचा जीव मरणप्राय कष्टी झाला. हे त्याने पेत्र, याकोब व योहान यांना उघड सांगितले, आणि आपल्याबरोबर जागे राहण्याची त्यांना विनंती केली. देवाच्या पुत्राने माणसांजवळ सोबत मागितली! ते तिघेही झोपी गेले. तो पुन्हा आला, पुन्हा त्यांना झोपलेले पाहिले. तरी त्याने त्यांना टाकले नाही, आणि पित्यापुढे आपले भय बोलणेही सोडले नाही. प्याला दूर व्हावा अशी इच्छा त्याने लपविली नाही. मग ती पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन केली, आणि उठून पुढे गेला. तेव्हा भय वाटणे हे पाप नव्हे, विश्वास कमी असल्याची खूणही नव्हे. जे प्रभूला वाटले ते तुम्हांआम्हांस वाटले तर त्यात लाज कसली? संत थॉमस मोर लंडनच्या टॉवरमध्ये मरणाची वाट पाहत असता प्रभूच्या याच दुःखावर ग्रंथ लिहीत होते. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. मोठ्या छातीचे शूर म्हणून नव्हे, तर भ्यालेला माणूस भ्यालेल्या प्रभूच्या मागे चालला म्हणून ते आपल्या जवळचे वाटतात.

यावरून आपल्या धर्मग्रामासाठी काही गोष्टी निघतात. पहिली ही की, भय एका माणसाजवळ तरी बोलावे. त्या मातेचीच पुढची हकीकत ऐका. यजमान गेल्यावर तिला निराळे भय लागले. मुलगा परदेशी, रात्री आपले काही बरेवाईट झाले तर कोणास कळणार? कित्येक महिने ती रात्रीची बसून राही. एके दिवशी तिने हे शेजारच्या काकूंना सांगितले. काकू हिंदू, त्याही एकट्याच. त्या म्हणाल्या, "अहो, मलाही रोज हेच वाटतं. मी म्हटलं, तुम्हांला सांगितलं तर हसाल." त्या दोघींनी एकमेकींच्या घराची किल्ली ठेवून घेतली. सकाळी जिची दुधाची पिशवी आधी आत जाईल तिने दुसरीच्या दारावर दोनदा टकटक करावयाची, आणि आतून ओ आली पाहिजे, असे ठरविले. मरण काही टळले नाही. परंतु तेव्हापासून दोघींना झोप लागते. या पेठेत जुने वाडे जाऊन इमारती उठल्या, आणि मुले दूरदेशी गेलेली कितीतरी घरे आज अशी आहेत. वाड्यात चौकात डोकावले की सर्वांचे क्षेम कळत असे. आता ते ठरवून विचारावे लागते.

दुसरी गोष्ट रुग्णाभ्यंगाची. अजूनही कित्येक घरांत असे समजतात की, फादर तेल घेऊन आले म्हणजे सर्व आटोपले. म्हणून रुग्णाची शुद्ध जाईपर्यंत आम्हांस कळवीत नाहीत. 'बाबा घाबरतील' म्हणतात. १८९७ साली लोकांनी रुग्णास शिपायांपासून लपविले. आपण आज त्यास प्रभूपासून लपवितो की काय? दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने, आणि तदनंतर १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी स्पष्ट केले आहे की, हा संस्कार केवळ अखेरच्या घटकेचा नव्हे. तो गंभीर दुखण्याचा आहे, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे, थकत चाललेल्या वार्धक्याचा आहे. रुग्ण शुद्धीवर असता, घरची मंडळी भोवती असता तो द्यावा. बाबा घाबरतील म्हणता. परंतु बाबांना सारे ठाऊक असते. तुम्ही त्याविषयी बोलत नाही, म्हणून ते एकटे घाबरत असतात.

तिसरी गोष्ट. काही भये ही दुखणी असतात. छाती धडधडते, घराबाहेर पाऊल पडत नाही, रात्रीमागून रात्री डोळा लागत नाही, जीव नकोसा वाटतो, अशी अवस्था झाली असता त्या माणसास 'श्रद्धा ठेव' एवढेच सांगून वाटेला लावू नये. ताप आला असता आपण वैद्याकडे जातो. मनाचा ताप असला तर मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. प्रार्थना आणि औषध यांचे वैर नाही. त्याच्याबरोबर दवाखान्याच्या बाकावर बसण्यास कोणी जाईल तर तेही जागे राहणेच होय.

पुण्यात कॅथलिक देऊळ कसे उभे राहिले ते तुम्हांस ठाऊक आहे. पेशव्यांच्या फौजेत चाकरीस असलेल्या ख्रिस्ती शिपायांसाठी १७९२ साली सवाई माधवरावांनी जागा दिली, आणि त्या जागेवर ते झाले. घरदार सोडून आलेली, शस्त्रावर पोट असलेली ती माणसे. त्यांना देऊळ कशासाठी हवे होते? आम्हांस वाटते, उत्सवासाठी हवे असेल, तितकेच ते यासाठीही हवे असेल की, परक्या मुलखात डोळे मिटताना उशाशी कोणी प्रार्थना म्हणणारा असावा. या शहरातील आपली ख्रिस्तसभा त्या गरजेतून वाढली. मरियामातेला केलेल्या आपल्या नित्याच्या प्रार्थनेतही आपण दोनच घटका तिच्या स्वाधीन करीत असतो: एक ही चालू घटका आणि एक शेवटची. मधल्या साऱ्या घटका तिने आपणांस एकमेकांसाठी दिल्या आहेत, असे आम्ही समजतो.

तेव्हा ज्युबिलीची भेट म्हणून आम्ही तुमच्याजवळ पैसा मागत नाही. या पेठेतील प्रत्येक गल्लीतून दोन माणसांनी आपली नावे आम्हांस द्यावी. आपल्या गल्लीत एकटे कोण राहते, आजारी कोण आहे, कोणाचे दार दोन दिवस उघडले नाही, याची त्यांनी विचारपूस करावी. मग ते घर ख्रिस्ती असो वा नसो. आणि आमच्याकडून तुम्हांस हे वचन: रात्री कितीही वाजता आमच्या दाराची घंटा वाजवा. आम्ही भिणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण कुपी घेऊन निघू, आणि निदान उंबऱ्यापर्यंत येऊ.

गेथशेमानीत एकटा जागलेला आपला प्रभू तुम्हां सर्वांच्या रात्री राखो. आमेन.